ओढ्याकाठची करडी

रान बघायला चाललोय, असं भरमू चौगुले मास्तरांनी सांगितलं आणि निपाणीच्या मोटार स्टँडवर त्यांची पत एकदम वाढली. त्या मुलखात रान म्हणजे शेत. माणूस रान बघायला निघाला म्हणजे जमीन घ्यायला निघाला, आणि लढाईच्या त्या महागाईत जमीन घ्यायला निघालेला माणूस साधासुधा कसा असेल? तंबाखूचे व्यापारी नेमिनाथ आण्णा ड्रायव्हरशेजारी ऐसपैस बसले होते, ते चटकन सरकले आणि मास्तरांना पुढे बोलावून शेजारी बसवून घेतलं. लोकल बोर्डाच्या मराठी शाळेतल्या मास्तराला सर्व्हिस मोटारीत पुढची जागा मिळाल्याचं तोवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. शेत नव्हे, जंगल बघायला चाललोय, हे वाक्य मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण गादी मऊ होती.

पुढे ही हकीकत मास्तर स्वतःच सांगत. कुणी भिडेखातर त्यांची बाजू घ्यायला लागला तर त्याला थांबवत. "या गोष्टीत एक शाणं माणूस हाय आन् एक गाढव हाय," असं ते आधीच बजावत, "गाढव कोण, ते तेवढं ध्येनात ठेवून ऐका."

शहाणं माणूस म्हणजे त्यांची बायको मालुबाई. ती मागच्या बाकावर बायकांच्या दाटीत, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिचं माहेर खानापूरच्या पलीकडचं, गुंजी स्टेशनाजवळच्या सरकारी जंगलातलं. माहेर म्हणजे गाव नव्हेच. जंगल खात्याचा लाकडांचा डेपो होता, तिथे तिचा बाप गाडीवान होता. चार मराठी खोपटी, चार धारवाडकडच्या गाडीवानांची, आणि भोवती झाडी. बाराव्या वर्षी लग्न होऊन ती निपाणीला आली. दोन वर्षांत बाप वारला, डेपो उठला, आई तर आधीच गेलेली. तेव्हा जायचं तरी कुणाकडे? एकोणीस वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. माहेर उरलं होतं ते तिच्या बोलण्यात.

संध्याकाळी शेजारच्या बायका जमल्या की ती त्या जंगलातलं काहीबाही सांगे. एकदा तिने शेकरूचं सांगितलं. शेकरू म्हणजे खारच, पण मांजराएवढी, तांबडीलाल, आणि शेपूट हातभर लांब. ती या झाडावरनं त्या झाडावर उडी घेते आणि खाली जमिनीला सहसा पाय लावत नाही. शेजारची चंपाबाई डोळे मोठे करून ऐकत होती. ओसरीवर वह्या तपासत बसलेल्या मास्तरांना हे ऐकवेना. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मोठ्याने हसून खारीवर एक छोटासा पाठच दिला. खार लहानच असते. खार वीतभर असते. मांजराएवढं असतं ते मांजर. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालुबाई हसली नाही. "एकदा चला, दावते," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

त्या दिवसापासून तिने माहेरचं नाव काढणंच सोडलं. बायका यायच्या, बसायच्या, ती डाळ निवडत ऐकायची. कुणी जंगलाचं विचारलं तर म्हणायची, लई वर्सं झाली, आता आठवत न्हाय. मास्तरांना पहिले दोन-तीन महिने बरं वाटलं, घरात शास्त्रशुद्ध वातावरण आलं म्हणून. मग हळूहळू घर रिकामं वाटायला लागलं. आपण बायकोकडनं काहीतरी हिसकावून घेतलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण चूक कबूल करायची तर खार मोठी असते हे मान्य करावं लागणार, आणि ते तर शक्यच नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. मास्तरांना दुसरीही एक खोड होती, कानडीची. निपाणीच्या बाजारात निम्मी माणसं कानडी बोलणारी, त्यामुळे मास्तरांना कानडी येत होतं. म्हणजे 'एष्टु' म्हणजे किती हे येत होतं, 'ब्याड' म्हणजे नको हे येत होतं, 'नोड' म्हणजे बघ हे येत होतं, आणि उरलेली जागा ते मराठी शब्दाला शेवटी उकार लावून भरून काढत. लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारात एका मिरचीवालीशी त्यांची अशी घासाघीस चालली असताना मालुबाई काहीतरी बोलायला पुढे झाली होती. "तू गप ऱ्हा, मला येतंय कानडी," असं मास्तर चारचौघांत म्हणाले. ती गप्प राहिली. त्यानंतर एकोणीस वर्षं मास्तर बाजारात बोलत आणि ती पिशवी धरून मागे उभी राही. पिशवीत किडकी वांगी पडत, पण कानडीत पडत.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मास्तरांनी अचानक जाहीर केलं की आपण दोघं गुंजीला जंगल बघायला जाऊ. बायकोचं मन राखायचं म्हणून निघालो, असं ते आधी आधी सांगत. नंतर नंतर खरं सांगायला लागले. खार वीतभर असते, हे जागेवर जाऊन कायमचं सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्यांनी शाळेतली बारा इंची लाकडी पट्टी कोटाच्या आतल्या खिशात घातली होती. मालुबाईने ती पाहिली. मग तिने गाठोड्यात एक भाकरी जास्त बांधली.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी लावलेली असे. क्लीनर तिच्यात कोळसे टाकी आणि लोखंडी गजाने ढोसत राही. सपाटीला मोटार बरी चाले. तवंदीचा घाट आला की तिला धाप लागे आणि उतारू खाली उतरून चालत घाट चढत. रिकामी मोटार त्यांच्या मागोमाग खोकत येई.

त्या दिवशीही सगळे उतरले. मास्तर उतरायला लागले, तर नेमिनाथ आण्णांनी त्यांचा हात धरला. जमिनीवाल्या माणसाने कशाला उतरायचं, बसा, असा त्यांचा आग्रह. मास्तर बसले. काचेतून त्यांना पुढे चढणारी माणसं दिसत होती आणि त्यांत डोक्यावर गाठोडं घेतलेली मालुबाई दिसत होती. मोटार एवढी हळू होती की बायको पुढे आणि नवरा मागे, असा अख्खा घाट पार पडला. तिने एकदाही वळून बघितलं नाही. तिने वळून बघू नये, असंच मास्तर मनात म्हणत होते.

आण्णांनी घाटभर रानाची चौकशी केली. पाणी आहे का? मास्तर म्हणाले, ओढा आहे, बारमाही. जमीन कसली? तांबडी. झाडं? भरपूर. मालक कोण? सरकार. हे ऐकून आण्णांनी मान डोलावली आणि आवाज उतरवून विचारलं, साहेबाशी ओळख काढली असेल न्हवं? मास्तर नुसते हसले. एकही शब्द खोटा बोललो नाही, याचं त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. संकेश्वर येईतो आण्णांनी त्यांना दोनदा पान दिलं.

बेळगावला खासबागेत मास्तरांच्या चुलत भावाकडे मुक्काम झाला. जंगल बघायला चाललोय, हे तिथे मात्र सांगावंच लागलं. भावाला वाटलं, मास्तरांच्या मागे काहीतरी आजार लागलाय आणि वैद्याने हवा बदलायला सांगितली आहे. त्याने निघताना दोन लिंबं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसले. देसूर गेलं, इदलहोंड गेलं. खानापूर मागे पडलं तशी झाडी रुळाजवळ आली आणि मालुबाई बोलायला लागली. हे झाड किंजळाचं, ते जांभ्याचं, ती ऐनाची रांग. त्या वळणावर आमचा गाडा मोडला होता. ती खिडकीतनं बोट दाखवत होती आणि समोरच्या बाकावरचे उतारू तिच्या बोटाकडे बघत होते. कितीतरी महिन्यांनी तिला असं बोलताना मास्तर ऐकत होते. त्यांना बरं वाटलं. त्याचबरोबर, आज हिचं खोटं ठरलं तर ही पुन्हा कधीच बोलायची नाही, हेही त्यांना लख्ख कळलं. खिशातली पट्टी बरगडीला टोचत होती. ती गाडीतनं बाहेर टाकावी असा एक विचार येऊन गेला. पण पट्टी शाळेची होती.

गुंजीला उतरून दोन कोस चालल्यावर राखीव जंगलाची चौकी लागली. चौकीपाशी मालुबाई खालच्या झऱ्यावर तांब्या भरून आणायला गेली आणि मास्तर चौकीसमोर उभे राहिले. चौकीत आण्णाप्पा नावाचा गार्ड होता, नुकताच धारवाडकडून बदलून आलेला. मराठी त्याला येत नव्हतं. काय न्यायचंय, असं तो कानडीत विचारत होता; जळण, बांबू, दगड? मास्तरांनी हातवारे करून सांगितलं, काही न्यायचं नाही, नुसतं नोड, नोड. गार्डने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. सरकारी नोकरीत त्याने लाकूडचोर बघितले होते, साहेब बघितले होते. झाडं नुसती बघायला रेल्वेचं तिकीट काढून आलेला माणूस बघितला नव्हता. शेवटी त्याने ओढ्याच्या वाटेकडे हात केला, गंभीर चेहरा केला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "हळ्ळद दंडीगे करडी भाळ अदाव. नोड्कोंड होग्री."

मास्तरांना आनंदाचं भरतं आलं. शब्दन् शब्द कळला होता. हळ्ळ म्हणजे ओढा. भाळ म्हणजे पुष्कळ. नोड्कोंड होग्री म्हणजे बघून जा. आणि करडी म्हणजे करडीच, तिला काय वेगळं नाव असणार? ओढ्याच्या काठाला करडी पुष्कळ आहे, बघून जा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक अख्खं कानडी वाक्य समजलं होतं. त्यांनी गार्डला दोन्ही हातांनी नमस्कार केला. तो आपला कंदील आणि काठी घेऊन फेरीवर निघून गेला.

मालुबाई तांब्या घेऊन वर आली, तेव्हा मास्तर उपरणं झटकून त्याची झोळी करत होते. तिने विचारलं, हे काय? मास्तरांनी सांगितलं की गार्ड म्हणाला, ओढ्याकाठी करडी लई आलीय, तेव्हा कोवळा पाला खुडून घेऊ. करडीची, म्हणजे करडईच्या पाल्याची, भाजी मास्तरांच्या जिवाभावाची. पौषातली कोवळी पानं, लसणाची फोडणी आणि ज्वारीची भाकरी असली की त्यांना पंगतीतलं पक्वान्न नको असे. उरलेली भाकरी तशीच होती, भाजीचीच काय ती उणीव होती.

मालुबाईला ते पटेना. जंगलात करडी? कोण पेरतंय? एवढ्या सावलीत उगवंल कशी? मास्तर पुढे चालता चालता म्हणाले, सरकार पेरतं. जंगल खात्याचे प्रयोग चालू असतात. लढाईमुळे तेलाचा तुटवडा आहे, करडीला तेल असतं, तेव्हा सरकारने विचार केलाच असणार. हे सगळं त्यांनी त्याच क्षणी रचलं होतं, पण बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते पटलं. शिकवण्याच्या धंद्यात हा एक धोका असतो. ती मागे मागे येत होती आणि मान वर करकरून झाडांचे शेंडे बघत होती, कारण तिला शेकरू दाखवायचं होतं. अर्धा दिवस उलटला होता, संध्याकाळची गाडी गाठायची होती, आणि शेकरूचा पत्ता नव्हता.

ओढा आला. काठाला एक वारूळ होतं, मध्येच फोडलेलं. माती ओली होती आणि तिच्यावर लांब नखांचे ओरखडे होते. मास्तर ते ओलांडून करडी शोधत पुढे गेले. मालुबाई वारुळापाशी थांबली.

"अहो, थांबा," ती हळू म्हणाली. "त्यो गार्ड तुमच्याशी कानडीत बोलला का मराठीत?"

"कानडीत. त्याला कुठं मराठी येतंय?"

"काय म्हणाला? त्याच्या तोंडचं सांगा. तुमचं नगं."

मास्तर वर्गात कविता म्हणतात तसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हळ्ळद दंडीगे करडी भाळ अदाव, नोड्कोंड होग्री."

मालुबाईने तांब्या खाली ठेवला. "आपल्या करडीला कानडीत कुसुबी म्हणत्यात," ती म्हणाली. "करडी म्हणजे अस्वल. संभाळून जा म्हणालाय त्यो."

आता इथे एखाद्या माणसाने ओढ्याकडे बघितलं असतं. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. हिला कसं ठाऊक, हा प्रश्न त्यांना अस्वलापेक्षा मोठा वाटला. तो विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पलीकडच्या काठाला करवंदीच्या जाळीत कुणीतरी जोरात नाक शिंकरलं.

करडी बाहेर आली. करडीला पानं असतात, काटे असतात, पिवळी फुलं येतात. हिला नुसते काळे केस होते आणि गळ्याखाली पांढरा पट्टा होता. वीस-पंचवीस पावलांवर ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि नाक वर करून वास घ्यायला लागली.  पळायला हवं हे मास्तरांना समजत होतं, पण पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे जागचे हलेनात. हात मात्र आपोआप कोटात गेला आणि त्यांनी बारा इंची पट्टी बाहेर काढून अस्वलापुढे धरली. शाळेत ही पट्टी दिसली की तिसरीचा वर्ग चिडीचूप होत असे. अस्वल शाळेत गेलेलं नव्हतं.

"पळू नगा," मालुबाई म्हणाली. "पाठ बी दावू नगा. एक एक पाऊल मागं सरा."

मास्तर मागे सरले. पाठ एका झाडाला लागली, तसे ते वळले आणि दोन्ही हातांनी त्या बुंध्याला मिठी मारून एक पाय वर घ्यायला लागले.

"अस्वल तुमच्यापरास बरं चढतंय झाडावर," मालुबाई तशाच हळू आवाजात म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "वर बघा."

वर आणखी एक आहे, अशी मास्तरांची खात्रीच झाली. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि मान वर केली. डोक्यावर दोन पुरुष उंचीवर, आडव्या फांदीवर, एक जनावर पालथं पडून त्यांच्याकडे बघत होतं. अंग मांजराएवढं. पाठ तांबडीलाल. शेपूट फांदीच्या या बाजूने खाली सुटलेलं, हातभर तरी लांब. शेकरूच्या पुढच्या पंजांत कसलंसं फळ होतं आणि ते चावायचं थांबवून ते मास्तरांना न्याहाळत होतं.

"पट्टी आणलीया न्हवं?" मागून आवाज आला. "मोजा."

अस्वलाचं पुढे काय झालं, हे मास्तरांना कधीच नीट सांगता आलं नाही. मालुबाई म्हणाली की त्याने आणखी दोनदा फुसफुस केलं, चार पायांवर आलं आणि ओढ्याच्या कडेने खाली निघून गेलं. मास्तर झाडाला मिठी मारून वरच बघत होते. शेकरूने फळ खाऊन संपवलं, कोय त्यांच्या टोपीवर टाकली आणि शेजारच्या झाडावर एवढी लांब उडी घेतली की मास्तरांच्या तोंडून चक्क 'अगं बाई' निघालं.

मग दोघं पार चौकीपर्यंत मागे येऊन पायरीवर बसली. तिने पाणी दिलं, ते त्यांनी निम्मं अंगावर सांडलं. 

"तुला कानडी येतंय," मास्तर म्हणाले.

"धारवाडकडच्या गाडीवानांच्या पोरींसंगं वाढले. कानडीच बोलत हुतो आमी."

"मग एवढ्या वर्सांत कधी बोलली न्हाईस ती?"

"तुम्हीच म्हणालता, तू गप ऱ्हा."

"अगं, एकदाच म्हणालतो."

"म्या बी एकदाच ऐकलं," मालुबाई म्हणाली आणि गाठोडं सोडून तिने भाकरी पुढे ठेवली. भाजी नव्हतीच. खासबागेतलं लिंबू होतं, ते पिळून तिखटमिठाशी दोघांनी भाकरी खाल्ली.

 मास्तरांची अस्वलाची भीती गेली होती, आता त्यांना लाज वाटत होती, आणि ती सगळीच्या सगळी खरी होती. एकोणीस वर्षं ही बाई मागे पिशवी धरून उभी होती. आपण मिरचीवालीशी काय बोलतोय, मिरचीवाली आपल्याला काय म्हणतेय, शेजारची बाई का हसतेय, हे सगळं तिला कळत होतं. किडक्या वांग्यांची भाजी करून तिने निमूटपणे वाढली होती. आणि तिच्याजवळ उरलेलं एवढंसं जंगल, तेही आपण पट्टीने मोजायला निघालो. त्यांनी हे तिला बोलून दाखवायला हवं होतं. पण उभ्या आयुष्यात माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी आपल्या वाटणीची जास्तीची भाकरी तिच्यापुढे सरकवली, एवढंच केलं. तिने ती मोडून निम्मी परत दिली.

परतताना बेळगावहून निपाणीच्या मोटारीत पुन्हा नेमिनाथ आण्णा भेटले. ते तंबाखूच्या कामासाठी दोन दिवस बेळगावात होते. त्यांनी लांबूनच हाक मारली आणि पुढची जागा दाखवली. मास्तर गेले नाहीत. मागच्या बाकावर, बायकांच्या दाटीशेजारी अंग चोरून बसले. आण्णांनी पुढून मान वळवून सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय मास्तर, बघितलंसा का रान? ठरलं का न्हाय?"

मास्तरांनी घसा साफ केला. "रान न्हवं आण्णा, जंगल," ते म्हणाले. "जमीन घ्यायला न्हाय गेलतो. माझ्यापाशी कुठली आली जमीन? नुसतं जंगल बघाय गेलतो. परवा तुम्ही इच्यारलंसा तवा गादी मऊ होती, म्हणून बोललो न्हाय."

आण्णांनी मान पुन्हा पुढे वळवली. दोन वेळा दिलेलं पान त्यांना आठवत असावं. मग मालुबाईशेजारी बसलेली हुक्केरीकडची एक म्हातारी तिला कानडीत काहीतरी विचारायला लागली. मालुबाईने तोंड उघडलं आणि सवयीने आधी नवऱ्याकडे बघितलं.

"बोल की," मास्तर म्हणाले. "मला न्हाय येत कानडी."

ती बोलायला लागली. आधी अडखळली, एकोणीस वर्षांचा गंज होता. काकती मागे पडेतो शब्द सुटे झाले आणि हत्तरगीपर्यंत ती अशी बोलत होती की पुढचे लोक मागे वळून बसले. मास्तरांना चार शब्दांतला एक कळत होता. मध्येच म्हातारीने हाताने वीतभर दाखवलं आणि मान हलवून हसली. तेवढं मात्र मास्तरांना भाषेवाचून कळलं. ते हलत्या मोटारीत उभे राहिले. एका हाताने त्यांनी टपाची दांडी धरली, दुसऱ्याने खिशातली पट्टी काढली आणि हवेत एकापुढे एक तीनदा टेकवून दाखवली. "तीन पट्ट्या," ते म्हणाले. "शेपटासकट. मी म्हणायचो खार वीतभर असती. ते चूक हाय. ही सांगती ते खरं. मी डोळ्यांनी बघितलंय."

आण्णांनी ते कानडीत म्हातारीला सांगितलं. म्हातारी मास्तरांकडे न बघता मालुबाईकडे बघून 'हौदा', म्हणजे खरंच का, असं म्हणाली आणि तिच्या जवळ सरकली. मालुबाईने पदर सारखा केला आणि पुढचं सांगायला घेतलं. आता तिचा आवाज खाली आला होता, डोळे चमकत होते आणि मध्ये मध्ये ती नवऱ्याच्या उपरण्याकडे बोट करत होती. तवंदीचा उतार लागला तेव्हा पुढच्या बाकावरनं मागच्या बाकापर्यंत हसू पसरलं. नेमिनाथ आण्णा डोळे पुसत होते. ड्रायव्हरने हसता हसता वळण जरा रुंद घेतलं.

ती काय सांगतेय, हे मास्तरांनी कुणाला विचारलं नाही. त्या सगळ्या बोलण्यात त्यांना एकच शब्द नीट कळला होता, करडी, आणि या खेपेला त्याचा अर्थ त्यांना माहीत होता. पट्टी मांडीवर आडवी ठेवून ते सगळ्यांबरोबर हसत बसले.